नाण्यावरील मेंढपाळ

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या घरची प्रार्थनासभा आटोपली, मंडळी आपापल्या घरी गेली, आणि सर जोराची आली म्हणून आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध काका चहासाठी मागे थांबले. टेबलावर आमची नाण्यांची लहानशी लाकडी पेटी उघडी होती. काकांनी चष्मा पुसला, पेटीतील एक काळपट, पातळ चांदीचे नाणे उचलले आणि दिव्याकडे धरले.

"हे कसले कंदमूळ कोरलंय यावर?"

"सलगम आहे, काका. साल्झबर्गच्या आर्चबिशपाचे नाणे. लेओनहार्ड फॉन कॉइत्शाख म्हणून एक होऊन गेला, १४९५ ते १५१९ त्या गादीवर होता. सलगम हे त्याच्या घराण्याचे चिन्ह."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याच साल्झबर्गचं ना? तुम्हीच धर्मसुधारणा रविवारी सांगितलं होतं, तिथल्या बिशपानं आपल्या हजारो भावांना थंडीच्या तोंडावर घराबाहेर काढलं. आणि भाऊ, त्या गादीचं नाणं तुम्ही कापसात जपून ठेवता?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण उत्तर काही दिले नाही. काकांची आठवण बरोबर होती. साल्झबर्गचा आर्चबिशप फिर्मियान याने १७३१ च्या ३१ ऑक्टोबर रोजी हुकूम काढला की प्रॉटेस्टंट मताच्या लोकांनी राज्य सोडावे. ज्यांना जमीनजुमला नव्हता त्या गडीमाणसांना आठ दिवसांची मुदत होती. घरदार असणाऱ्यांना काय ते तीन महिने. वीस हजारांच्या आसपास माणसे बाहेर पडली, आणि त्यांतील बहुतेक पुढे प्रशियात जाऊन वसली. सलगमाचे नाणे त्या आधी दोनशे वर्षांपूर्वीचे आहे हे खरे. परंतु गादी तीच, किल्ला तोच, आणि नाण्यावरचा अधिकारही तोच. तेव्हा काकांचा प्रश्न सरळ होता, आणि त्याला सरळ उत्तर द्यावे असे आम्हांस तेव्हापासून वाटत आहे. शब्बाथ शाळेतील आमच्या शिक्षक बंधुभगिनींनाही हा प्रश्न कधी ना कधी कोणी मूल विचारीलच. नाण्यांविषयी नसेल तर दुसऱ्या कशाविषयी.

प्रथम छंदाविषयी दोन शब्द. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात स्पष्ट सांगितले आहे, आणि जुनी नाणी जमवणाऱ्याने त्या वचनातून पळवाट काढण्याच्या भानगडीत पडू नये. आम्ही एकदा सणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून एक नाणे विकत घेतले. घरच्यांनी पाहिले, काही बोलल्या नाहीत. ते न बोलणे आम्हांला फार दिवस टोचत राहिले. तेव्हापासून मर्यादा घालून घेतली आहे. पेटी भरली की नवे नाणे घ्यायचे नाही, जुने कोणाला तरी देऊन टाकायचे. मोठी, वजनदार नाणी आमच्या ऐपतीबाहेरची आहेत, ती आम्ही पुस्तकांतील चित्रांतच पाहतो. एवढे त्याविषयी पुरे. काकांचा आक्षेप छंदावर नव्हताच, नाण्यावरच्या माणसावर होता.

बिशपाने नाणी पाडायची, हे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. आपले बिशपसाहेब फार तर डायोसिसच्या पावतीवर सही करतात. परंतु जर्मन साम्राज्यात दहाव्या शतकात सम्राट पहिला ऑटो आणि त्याच्या वारसांनी अनेक बिशपांना बाजार भरवण्याचा, जकात घेण्याचा आणि टांकसाळ चालवण्याचा हक्क दिला. त्यामागे राजकारणी हिशेब होता. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या मुलाकडे जाते, आणि दोन पिढ्यांत तो सम्राटालाच डोळे दाखवू लागतो. बिशप अविवाहित, त्याला कायदेशीर वारस नाही, तो वारला की जागा पुन्हा मोकळी. असे करता करता बिशप हे राजेच झाले. मेंझ, ट्रीर आणि कोलोन येथील तीन आर्चबिशप तर सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी होते. सम्राट चौथ्या चार्ल्सच्या १३५६ च्या सुवर्णपत्राने हे पक्के झाले, आणि त्याच पत्राने नाणी व खाणी यांवरील निवडकर्त्यांचा हक्कही पक्का केला. ही बिशपांची राज्ये १८०३ पर्यंत टिकली, नंतर ती राजेरजवाड्यांत वाटली गेली.

आता ते नाणे डोळ्यांपुढे आणा. धर्मसुधारणेच्या काळातील मोठे चांदीचे नाणे म्हणजे टालर. हे नाव बोहेमियातील योआखिमस्टाल या खाणीच्या गावावरून पडले, आणि आज ज्या डॉलरच्या भावाची चर्चा आपण वर्तमानपत्रात वाचतो तो त्याच शब्दाचा नातू. १५६६ साली ठरलेल्या प्रमाणानुसार टालरचे वजन सुमारे २९ ग्रॅम, म्हणजे आपले अडीच तोळे. चांदीचा पत्रा ठोकून सारखा करायचा, कातरीने गोल चकत्या कापायच्या, त्या तोलायच्या. एक ठसा खाली ठोकळ्यात बसवलेला, दुसरा कारागिराच्या हातात, मध्ये चकती, आणि वरून घण. दर घावाला एक नाणे. एका बाजूला बहुधा त्या धर्मप्रांताचा संत, दुसऱ्या बाजूला बिशपाची ढाल. मेंझच्या ढालीवर चाक असते. तेथील एक जुना आर्चबिशप विलिगिस हा चाके बनवणाऱ्याचा मुलगा होता, आणि आपले मूळ विसरू नये म्हणून त्याने चाक हे चिन्ह घेतले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, आम्हांला ती आवडते. कोलोनच्या ढालीवर काळा क्रूस. आणि पुष्कळ नाण्यांवर ढालीच्या मागून दोन वस्तू डोकावतात: एका बाजूने मेंढपाळाची आकडीची काठी, दुसऱ्या बाजूने तलवार.

कडेने लॅटिन अक्षरे फिरतात. त्यांत नावापाठोपाठ 'डी. जी.' अशी दोन अक्षरे बहुधा सापडतात. 'डेई ग्रात्सिया', म्हणजे देवकृपेने. अमुक मनुष्य देवकृपेने आर्चबिशप, देवकृपेने निवडकर्ता, देवकृपेने अमक्या प्रांताचा धनी. प्रेषित पौलानेही करिंथ येथील मंडळीला लिहिताना आपण जे काही आहोत ते देवाच्या कृपेने आहोत असे म्हटले आहे. पण त्याच दमात त्याने आपण मंडळीचा छळ केला हेही सांगून टाकले आहे. नाण्यावर तेवढी जागा नसते.

आणि येथेच आमच्या विचाराला खरी ठेच लागते. परूशी आणि हेरोदी प्रभूकडे आले, कैसराला कर द्यावा की न द्यावा म्हणून विचारू लागले, तेव्हा प्रभूने त्यांच्याकडूनच एक नाणे मागवून घेतले. त्याच्या जवळ नव्हते. मग त्याने त्यावरचे चित्र कोणाचे ते त्यांनाच विचारले, आणि कैसराचे कैसराला, देवाचे देवाला देण्यास सांगितले. हे उत्तर आपल्याला इतके पाठ आहे की ते कशामुळे शक्य झाले हे आपण पाहत नाही. ते शक्य झाले, कारण त्या नाण्यावर कैसर होता. कोणीतरी दुसरा होता. आता समजा, तेच परूशी प्रभूपुढे आर्चबिशपाचे नाणे घेऊन आले असते तर? एकाच ढालीमागे काठी आणि तलवार. यातील कोणते कैसराचे, कोणते देवाचे? ज्याच्याकडे कर भरायचा त्याच्याकडेच पापक्षमा मागायची. ज्या शेतकऱ्याचा सारा थकला तो गुन्हेगार की पापी? त्या काळी देणे वसूल करण्यासाठी माणसाला मंडळीबाहेर टाकण्याची शिक्षा सर्रास वापरली जाई, आणि जर्मन लोकांच्या रोमविरुद्धच्या तक्रारींत ही एक मोठी तक्रार होती. पैसे मागणारा आणि स्वर्गाचे दार दाखवणारा एकच असला म्हणजे गरिबाने दाद मागायची कोणाकडे? आमच्या मते बिशपाने पैसा हाताळला हा दोष नव्हे. यहूदाकडेही थैली होती, आणि अंत्युखियाच्या मंडळीची मदत यहूदीयातील बंधूंना पोहोचवताना पौल व बर्णबा यांनीही पैसा हाताळलाच. दोष हा, की दुसरे दार उरले नाही.

या गोष्टीचे प्रसिद्ध उदाहरण आल्ब्रेख्ट फॉन ब्रांडेनबुर्ग याचे आहे. जन्म १४९०. तेविसाव्या वर्षी मागडेबर्गचा आर्चबिशप आणि हाल्बरश्टाटचा प्रशासक. पुढल्याच वर्षी, १५१४ मध्ये, मेंझचा आर्चबिशप व निवडकर्ता. वय कमी, आणि एकापेक्षा अधिक गाद्या. या दोन्हींसाठी रोमची खास परवानगी हवी, आणि परवानगीला पैसा हवा. तो त्याने औग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून काढला, हजारो गुल्डन. कर्ज फिटावे म्हणून आपल्या प्रांतात पापक्षमापत्रांची विक्री करू देण्याचे ठरले. उत्पन्नाचा अर्धा भाग रोमच्या संत पेत्राच्या मंदिराला, अर्धा सावकाराला. टेट्झेल पेटी घेऊन हिंडू लागला. १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला मार्टिन ल्यूथरने आपल्या ९५ प्रबंधांसह जे पत्र पाठवले ते याच आल्ब्रेख्टला.

पण येथे न्यायाने बोलले पाहिजे. शब्बाथ शाळेत आम्ही लहानपणी जो आल्ब्रेख्ट ऐकला तो केवळ राक्षस होता. पापक्षमापत्रांविषयी त्याच्या नावाने निघालेल्या सूचना पाहिल्या तर त्यांत दर ठरवलेला आहे: राजे आणि बिशप यांना पंचवीस गुल्डन, मग खाली उतरत कारागिरापर्यंत, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने पैशाऐवजी प्रार्थना व उपास करावा, कारण स्वर्गाचे राज्य गरिबांनाही खुले असले पाहिजे. वाचून आम्ही थबकलो. म्हणजे गरिबांचा विचार सुचलाच नव्हता असे नाही. विचार होता, आणि शेजारीच दरपत्रक होते. आम्हांला यातले दुसरे अधिक भयंकर वाटते. निर्दय माणसाला ओळखता येते, पण दयाळू दरपत्रकाला कोण ओळखणार? ड्यूरर या चित्रकाराने १५१९ मध्ये त्याचे चित्र ताम्रपटावर कोरले. गुबगुबीत चेहरा, जड पापण्या, वय एकोणतीस. त्याच्यात क्रौर्य शोधून सापडत नाही. एरास्मसशी त्याचा पत्रव्यवहार होता, कलावंतांना तो आश्रय देई.

आणखी एक गोष्ट ल्यूथरचे चरित्रकार सांगतात, ती आमच्या काकांसाठी मुद्दाम राखून ठेवली होती. १५२५ मध्ये ल्यूथरने कॅथरिन फॉन बोरा हिच्याशी लग्न केले, तेव्हा याच आल्ब्रेख्टने आहेर म्हणून वीस गुल्डन पाठवले. ल्यूथर म्हणाला, परत करा. कॅथरिनबाईंनी परत केले नाहीत, गुपचूप ठेवून घेतले. जुन्या मठात संसार थाटायचा होता, पाहुण्यांचा राबता होता, आणि नवरा प्रवचनांचे पैसे घेत नव्हता. ही गोष्ट वाचल्यावर आमच्या घरात नाण्यांवरून जो वाद होता तो बऱ्याच अंशी मिटला. कोणाच्या बाजूने मिटला ते सांगत नाही.

मोठ्या नाण्यांविषयी एवढे बोललो, पण आमच्या पेटीत खरे तर लहान नाणीच आहेत, आणि त्यांची कथा वेगळी आहे. टालर हा व्यापाऱ्याच्या आणि सावकाराच्या हातात. तो खोटा केला तर लगेच बोंब होते, म्हणून त्यातील चांदी सहसा कायम राही. पण बाजारहाट, मजुरी, पाव, मीठ हे सगळे फेनिग आणि क्रॉइट्सर यांत चाले. तांबे मिसळायचे तर यांत. १६१९ ते १६२३ या चार-पाच वर्षांत जर्मनीत याचा कहर झाला. राजे, सरदार, शहरे, आणि धर्माधिकारीदेखील, चांगली नाणी वितळवून हलकी पाडू लागले; लोक तराजू घेऊन जड नाणी निवडून काढू लागले, आणि त्या तराजूच्या हेलकाव्यावरूनच त्या काळाला नाव पडले. ज्याची मजुरी सकाळी ठरली त्याला संध्याकाळी तिच्यात पाव मिळेना. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो हे नीतिसूत्रे वाचणाऱ्याला ठाऊक आहे; नाण्यांवर ज्यांनी 'देवकृपेने' असे कोरवले त्यांनाही ठाऊक होते. गुळगुळीत झालेले, तांबूस झाक आलेले असे एक फेनिग हातात घेतले की विधवेच्या दोन टोल्यांची आठवण होते. प्रभूने त्या टोल्यांचे मोल ओळखले. टांकसाळीनेही ओळखले होते, उलट्या अर्थाने.

येथपर्यंत वाचून काकांसारख्या वाचकांना बरे वाटेल, की पाहा, आपण प्रॉटेस्टंट यातून सुटलो. म्हणून आता पुढील दोन नाणी.

पहिले म्युन्स्टरचे. १५३४ च्या फेब्रुवारीत पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी हे शहर ताब्यात घेतले आणि बिशपाची सत्ता झुगारून दिली. बिशप फ्रान्झ फॉन वाल्डेक वेढा घालून बसला. आत खासगी पैसा बंद झाला, सारे सामाईक झाले. आणि तरीही त्या शहराने टालर पाडले. त्यांवर संत नाही, बिशपाची ढाल नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील वचने आहेत, शब्द देही झाला हे एक, आणि पाणी व आत्मा यांपासून जन्मल्यावाचून राज्यात प्रवेश नाही हे दुसरे. किती सुंदर नाणे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण ज्या शहरात ते पडले त्यात बाप्तिस्मा न घेणाऱ्यांना वेशीबाहेर हाकलले होते, आणि काही महिन्यांत लायडनचा यान हा तेथे राजा होऊन बसला. काठी आणि तलवार पुन्हा एका हातात, फक्त ढाल पुसून वचन लिहिले. १५३५ च्या जूनमध्ये शहर पडले. यान आणि त्याचे दोन साथीदार यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे संत लांबेर्टच्या मनोऱ्यावर अजून आहेत.

दुसरे नाणे १६२२ चे, आणि ते अधिक जवळचे, कारण ते पाडणारा ल्यूथरपंथी होता. ब्रुन्सविकचा क्रिस्टियान, हाल्बरश्टाट धर्मप्रांताचा प्रशासक. बिशप म्हणवत नव्हता, पण गादी तीच, उत्पन्न तेच. धर्मसुधारणा झालेल्या प्रांतांत राजघराण्यांनी बिशपांच्या गाद्या अशाच आपल्या धाकट्या मुलांना दिल्या होत्या. वय बावीस-तेवीस. त्याने पाडरबोर्न घेतले, तेथील मुख्य मंदिरातील संत लिबोरियसची मौल्यवान पेटी लुटली, वितळवली आणि तिचे टालर पाडले. त्यावर जर्मन अक्षरे: देवाचा मित्र, पुरोहितांचा शत्रू. दुसऱ्या बाजूला ढगातून निघालेला, तलवार उगारलेला हात. त्या पैशातून सैनिकांचे पगार झाले. हे नाणे संग्राहकांत फार मागणीचे आहे, आणि आमचे काही प्रॉटेस्टंट बंधू त्याचे चित्र कौतुकाने दाखवतात. आम्हांला ते पाहवत नाही. देवाशी मैत्री सांगायला शत्रूचे नाव लागते, आणि तेही लुटीच्या चांदीवर, याहून आल्ब्रेख्टचे कर्ज बरे.

तेव्हा प्रश्न रोमचा की विटेनबर्गचा, असा राहत नाही. ज्याच्या हाती काठी आहे त्याला तलवार खाली ठेवता येते काय, एवढाच राहतो. याचे उत्तर देणारे दोन आर्चबिशप एकाच गादीवर होऊन गेले, कोलोनच्या.

हेर्मान फॉन वीड १५१५ मध्ये आर्चबिशप झाला. सुरुवातीला तो ल्यूथरच्या विरुद्धच होता. त्याच्या कारकिर्दीत, १५२९ मध्ये, आडोल्फ क्लारेनबाख आणि पेटर फ्लीस्टेडेन या दोघा सुवार्तानिष्ठांना कोलोन येथे जाळण्यात आले. हे लपवून त्याचे कौतुक करता येणार नाही. पण पुढे हा मनुष्य पवित्र शास्त्र वाचत वाचत बदलला. त्याने मार्टिन बुत्सर आणि मेलांख्थोन यांना बोलावून घेतले आणि १५४३ मध्ये आपल्या प्रांताच्या सुधारणेची योजना तयार करवली. कोलोनच्या विद्यापीठाने व मुख्य मंदिराच्या पुरोहितमंडळाने विरोध केला, पोपने १५४६ मध्ये त्याला बहिष्कृत केले, सम्राट त्याच्या विरुद्ध गेला. १५४७ च्या आरंभी, सत्तरीच्या घरात असताना, त्याने गादी सोडली. सैन्य उभे केले नाही. आपल्या घराण्याच्या जहागिरीत जाऊन राहिला आणि १५५२ मध्ये वारला. त्याची सुधारणा कोलोनमध्ये हरली. परंतु ती योजना इंग्लंडला पोहोचली, आणि १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकावर तिचा ठसा उमटला. आपल्यापैकी ज्या मंडळ्यांची परंपरा अँग्लिकन आहे, त्यांच्या जुन्या उपासनाक्रमात प्रभुभोजनापूर्वी, पापकबुली झाल्यावर, सांत्वनाची शास्त्रवचने वाचली जातात. ती कल्पना हेर्मानच्या त्या योजनेतून आली आहे. कित्येक वेळा आपण ती उभ्याने ऐकली असतील, आणि त्यामागे एक गादी सोडलेला म्हातारा आहे हे आपल्याला माहीत नसते.

दुसरा गेबहार्ड ट्रुक्सेस, १५७७ मध्ये त्याच गादीवर आला. १५८२ च्या डिसेंबरात त्याने प्रॉटेस्टंट पंथ जाहीर केला आणि पुढल्या फेब्रुवारीत आग्नेस फॉन मान्सफेल्ड हिच्याशी लग्न केले. यात काही वाईट नाही. पण १५५५ च्या औग्सबुर्गच्या तहात अशी अट होती की जो धर्माधिकारी रोम सोडील त्याने गादीही सोडावी. गेबहार्डला पत्नी हवी होती, पंथ हवा होता, आणि राज्यही हवे होते. पाच वर्षे युद्ध चालले. गावे जळाली, शेते उजाड झाली, आणि शेवटी तो हरलाच.

आता आम्हांला जे सांगायचे आहे ते सांगणे अवघड आहे, पण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका मंडळीत आम्ही कमिटीवर होतो. एक गरीब सभासद वारला. घरचे लोक दफनभूमीतील जागेसाठी आले, तेव्हा वहीत पाहण्यात आले की त्या कुटुंबाची तीन वर्षांची वर्गणी थकली आहे. ती भरल्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही असे सांगण्यात आले. नियम तसा होता. नियम आमच्याच सहीने झाला होता. रकमेची निकड नव्हती, फक्त शिस्त लागावी म्हणून. मृताचा मुलगा दारात उभा होता, चप्पल काढून. आम्ही खाली मान घालून वही पाहत राहिलो, आणि बोललो नाही. ज्यांच्या हाती वर्गणीची वही त्यांच्याच हाती कबरस्तानाची किल्ली, आणि त्यांच्यातच रविवारी उपदेश करणारे आम्ही. त्या मुलाने दुसरीकडे जायचे तर कोठे जायचे? आमच्या वहीवर चाक नव्हते, क्रूस नव्हता, सलगम नव्हते, पण 'डी. जी.' ही अक्षरे असल्यासारखीच होती. अखेर ती वर्गणी कोणी भरली, तर याच काकांनी. खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या, पावती मागितली नाही, आणि मुलाला घेऊन बाहेर गेले. नियम पुढच्या सभेत बदलला. तो बदलण्याचा ठराव आम्ही मांडला हे खरे, पण त्याचे श्रेय आमचे नाही.

म्हणून ते सलगमाचे नाणे आम्ही कापसात ठेवतो. त्या बिशपाचा मान म्हणून नव्हे. साल्झबर्गचे जे लोक दोनशे वर्षांनी हाकलले गेले त्यांना विसरून तर मुळीच नव्हे. नाणे बाहेर काढले की आम्हांला ती वही आठवते. ते पेटीत नसते तर बिशप लोक वाईट होते एवढे म्हणून आम्ही मोकळे झालो असतो.

गेल्या महिन्यात काका पुन्हा आले होते. या वेळी आम्ही त्यांना हे सर्व सांगितले. वहीची गोष्ट सोडून, ती त्यांना सांगण्याची गरज नव्हती. कॅथरिनबाईंच्या वीस गुल्डनला ते मनापासून हसले. हेर्मानची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली, आणि गादी सोडल्यावर तो कोठे राहिला, त्याच्याजवळ कोण होते, असे विचारत राहिले. मग पेटी जवळ ओढली.

"त्याचं नाणं आहे का यात?"

"नाही, काका. कोलोनचे त्या वेळचे एकही नाही."

"मग शोधा की," ते म्हणाले, आणि सलगमाचे नाणे त्यांनी स्वतःच कापसात परत ठेवले.